वूफर कोपऱ्यातून बाहेर काढा: होम थिएटरचा बेस नीट लावण्याची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरात होम थिएटर आलं, की वूफर (बेस वाजवणारा मोठा डबा) टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात जातो. तिथं प्लग असतो म्हणून. आठवडाभरात घरातले म्हणायला लागतात, "नुसता घुमायलाय, बोललेलं काय कळंना." मग नॉब कमी होतो, बेस गायब होतो, परत नॉब वाढतो. शेवटी मोठा वूफर घ्यायचा विचार सुरू होतो. थांबा. बहुतेक वेळा वूफर ठीक असतो. जागा, जोडणी आणि पातळी यातलं काहीतरी चुकलेलं असतं, आणि त्यातही जागा सगळ्यात जास्त.

आधी वूफर ॲक्टिव्ह आहे की पॅसिव्ह ते मागं वळून बघा. स्वतःची पॉवर कॉर्ड, व्हॉल्यूमचा नॉब आणि गोल आरसीए सॉकेट असेल तर ॲक्टिव्ह. नुसती स्पीकरच्या वायरची दोन टर्मिनल असतील तर पॅसिव्ह. तो ज्या सेटबरोबर आला त्याच सेटच्या ॲम्प्लिफायरला चालतो. एव्हीआरच्या (होम थिएटरच्या मुख्य ॲम्प्लिफायर-डब्याच्या) 'सबवूफर प्री-आउट'ला पॅसिव्ह वूफर जोडला तर काहीच वाजत नाही, कारण त्या सॉकेटमधून नुसता सिग्नल येतो, ताकद येत नाही. पुढची माहिती ॲक्टिव्ह वूफरची आहे, पण जागेचा भाग दोघांनाही लागू.

जागा: अर्धा दिवस इथंच घालवा

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा आणि ५६५ ला प्रत्येक आकड्यानं भागा. १५ बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली असेल तर उत्तरं येतात सुमारे ३८, ४७ आणि ५६ हर्ट्झ. हे त्या खोलीचे स्वतःचे सूर. वूफरनं यातला एखादा सूर लावला, की खोली त्याच्याबरोबर गायला लागते: भिंतींजवळ तो सूर दणदणीत, खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा. म्हणून सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असला तर बेस घुमतो आणि खोलीच्या मधोमध असला तर पोकळ लागतो. सोफा मागच्या भिंतीपासून लांबीच्या एक तृतीयांशाच्या आसपास आणता आला तर निम्मं काम तिथंच झालं. १५ फुटांच्या खोलीत म्हणजे भिंतीपासून ५ फूट. तेवढी जागा नसेल तर निदान दीड-दोन फूट तरी पुढं ओढा.

१२ बाय १२ ची चौरस खोली सगळ्यात त्रासदायक, कारण लांबी-रुंदीचे सूर एकावर एक पडतात. जुन्या गल्लीतल्या ९ बाय २० च्या बोळकांडीसारख्या खोलीत ते लांब लांब पडतात, २८ आणि ६३ हर्ट्झला. बसायला अडचणीची खोली बेसला मात्र बरी पडते. मंगळुरी कौलांच्या छपराखाली बराचसा खर्ज वर निसटून जातो, त्यामुळं उंचीच्या सुराचा त्रास कमी, पण एकूण बेस पातळ. स्लॅबच्या खोलीत तो कोंडला जातो. गालिचा टाकून यात फरक पडत नाही. ३० ते ६० हर्ट्झच्या लाटा पावणेसहा ते साडेअकरा मीटर लांब असतात. अर्ध्या इंचाची सतरंजी त्यांच्या गावीही नसते. गालिचा, पडद्यांनी वरचे स्वर शांत होतात, बोललेलं स्पष्ट ऐकू येतं, तेवढ्यासाठी ते असू द्या.

आता वूफरची जागा. यासाठी उलटा उपाय आहे, आणि तो करताना शेजारी खिडकीतून बघणार नाहीत याची काळजी घ्या. सोफ्यावर जिथं तुम्ही बसता तिथून गाद्या काढा, वूफर तिथंच ठेवा आणि तात्पुरत्या लांब वायरनं जोडा. एखाद्या संथ गाण्याचा असा तुकडा लावा ज्यात बेस गिटार एकेक पायरी वर-खाली जाते. एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजणारं गाणं उपयोगाचं नाही, कारण त्यात एकच सूर तपासला जातो. मग भिंतीच्या कडेनं रांगत जा, कान वूफरच्या कोनाच्या (पुढं-मागं हलणाऱ्या पडद्याच्या) उंचीला, म्हणजे जमिनीपासून वीतभर-दीडवीत वर ठेवून. काही जागी दोन-तीन सूर एकदम फुगतील, बाकीचे गुडूप होतील. एखाद्या जागी सगळे सूर जवळजवळ सारखे ऐकू येतील. तिथं फरशीवर खडूनं फुली मारा. दोन-तीन फुल्या मिळाल्या की त्यातली दारात न येणारी, प्लगपर्यंत पोचणारी निवडा. वूफर तिथं आणा, तुम्ही सोफ्यावर बसा. आवाजाला दोन्हीकडची वाट सारखीच, त्यामुळं फुलीजवळ जे ऐकू आलं तेच आता सोफ्यावर ऐकू येतं.

फुली बऱ्याचदा समोरच्या भिंतीच्या मध्यापासून थोडी बाजूला किंवा बाजूच्या भिंतीवर पाव लांबीच्या अंतरावर पडते. कोपऱ्यात क्वचित. कोपऱ्यात तीन बाजूंनी आधार मिळून आवाज वाढतो, पण खोलीचे सगळे सूर तिथूनच एकदम उठतात. वूफर छोटा, ८ इंची असेल आणि खोली मोठी असेल, तर कोपरा पत्करायला हरकत नाही. पोर्ट, म्हणजे डब्याचं हवा ये-जा करायचं भोक, मागं असेल तर भिंतीपासून १५ ते २० सेंटिमीटर सोडा.

जुन्या घरात माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर वूफर थेट तिच्यावर ठेवू नका. फळ्याच ढोलासारख्या वाजतात. खाली जाड रबरी मॅट, तिच्यावर दोन बाय दोनची शहाबादी फरशी आणि फरशीवर वूफर. फरशीचं वजन आणि रबराची लवचीकता मिळून थरथर खाली जायची बरीच कमी होते.

जोडणी

एव्हीआरच्या मागं 'सबवूफर प्री-आउट' असं लिहिलेलं सॉकेट असतं. तिथून एकच आरसीए केबल वूफरच्या 'एलएफई' (चित्रपटातला खास बेसचा '.१' चॅनेल) सॉकेटला. एलएफई नसेल आणि डावा-उजवा अशी दोन सॉकेट असतील तर डाव्याला, बहुधा त्याच्याखाली 'मोनो' छापलेलं असतं. वाय केबलनं दोन्ही सॉकेट भरली तर बऱ्याच वूफरला सिग्नल ६ डेसिबलपर्यंत जास्त मिळतो. 'ऑटो'वर ठेवलेला वूफर सिग्नल आल्यावरही आपोआप चालू होत नसेल तरच त्याचा उपयोग. केबल शील्ड असलेली कोॲक्सिअल घ्या, लागते त्यापेक्षा मीटरभरच लांब. पॉवरच्या वायरबरोबर बांधून नेऊ नका; ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. जोडताना सगळे प्लग काढलेले असू द्यात. चालू वूफरमध्ये आरसीए घुसवला की जो 'भॉक' होतो, तो कोनाच्या आरोग्याला चांगला नाही.

जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल आणि त्याला प्री-आउट नसेल, तर वूफरवरच्या 'हाय लेव्हल' टर्मिनलला ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरून डाव्या-उजव्या दोन्ही वायर न्या. प्लस-मायनस उलटं होऊ देऊ नका. ब्रिज केलेल्या आणि काही क्लास-डी ॲम्प्लिफायरमध्ये मायनस टर्मिनल ग्राउंड नसतं. तिथं ही जोडणी करण्याआधी दोन्हींचं माहितीपत्रक बघाच, नाहीतर ॲम्प्लिफायर जळू शकतो.

वूफरच्या पाठीवर आता हे लावा: क्रॉसओव्हरचा (कुठल्या सुराखालचा आवाज वूफरनं वाजवायचा ते ठरवणारा) नॉब पूर्ण वर, किंवा 'एलएफई/बायपास' असा खटका असेल तर तो चालू. फेज (वूफरचा आवाज स्पीकरच्या आवाजाशी ताल धरतो की उलटा जातो ते ठरवणारा नॉब) शून्यावर. व्हॉल्यूम निम्म्यावर. पॉवर 'ऑटो'ऐवजी 'ऑन'वर, निदान जुळवणी होईपर्यंत. क्रॉसओव्हरचा नॉब वर का? कारण गाळण्याचं काम एव्हीआर करतो. वूफरवरही ८० ला लावलात तर तेच पाणी दोनदा गाळल्यासारखं होतं, आणि ६० ते ८० हर्ट्झचा भाग दोन्हीकडून खचतो. पखवाजाच्या डाव्या बाजूचा घुमारा हरवला की समजा इथं चूक झाली.

एव्हीआरमधली मांडणी

स्पीकर सेटिंगमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल', वूफर 'येस'. उंच टॉवर स्पीकर विकत घेतलेल्यांना त्यांना 'स्मॉल' म्हणणं जिवावर येतं, पण हा शब्द आकाराबद्दल नाही. खालचे सूर वूफरला दे, एवढाच त्याचा अर्थ. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. ६.५ इंची टॉवर असतील तर ६० ते ८०, ४-५ इंची बुकशेल्फ असतील तर ८० ते १००, तीन इंची चिमुकले सॅटेलाइट असतील तर १२० ते १५०. 'एलपीएफ फॉर एलएफई' (त्या '.१' चॅनेलचं वरचं टोक) हे वेगळं सेटिंग आहे, ते १२० वर राहू द्या, चित्रपटाच्या '.१' चॅनेलमध्ये १२० पर्यंतचा आवाज असतो. 'एलएफई + मेन' किंवा 'डबल बेस' बंद. तो चालू असला की तेच सूर टॉवर आणि वूफर दोन्हीकडून येतात आणि एकमेकांना कुठं वाढवतात, कुठं खातात.

टीव्हीवरच्या मराठी-कन्नड चॅनेलचा आवाज बहुधा स्टिरिओ असतो, त्यात '.१' नसतोच. तिथं वूफरला जे मिळतं ते या क्रॉसओव्हरखालचं गाळलेलं. आणि 'प्युअर डायरेक्ट'सारख्या मोडमध्ये बऱ्याच एव्हीआरचं हे गाळणंच बंद पडतं. "सिनेमाला वाजतो, गाण्याला वाजत नाही" ही तक्रार आली की आधी तो मोड बघा.

आता ऑटो सेटअप, म्हणजे माइकनं खोली मोजून एव्हीआर स्वतःच करतो ती जुळवणी: कुणाकडं ऑडिसी, कुणाकडं वायपाओ, कुणाकडं एमसीएसीसी. पंखा बंद, फ्रिजचा आवाज येत असेल तर तोही थोडा वेळ बंद, आणि कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा. माइक हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. कॅमेऱ्याच्या स्टँडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीला. पहिलं मोजमाप मुख्य जागेवरच घ्या. बाकीची तिच्या आसपास, फूट-दीड फूट अंतरानं.

निकालात तीन गोष्टी बघा. पहिली, वूफरची पातळी. ती शून्य ते उणे ६ च्या मध्ये आली तर उत्तम. उणे १२ सारखी एकदम तळाला आली, तर एव्हीआरला आणखी खाली जाता आलेलं नाही आणि वूफर प्रत्यक्षात अजूनही मोठा असू शकतो. वूफरचा नॉब थोडा कमी करून मोजमाप पुन्हा घ्या. अधिक ८-९ आली, तर नॉब वाढवून पुन्हा. नाहीतर जोरात लावल्यावर एव्हीआरचा सिग्नलच फाटतो. दुसरी, वूफरचं अंतर. टेपनं १२ फूट, मशीन म्हणतं १८. "चुकलं मशीन" म्हणून १२ टाकू नका. वूफरच्या आतल्या सर्किटमुळं आवाज उशिरा निघतो, तो उशीर मशीननं फुटांत मोजलाय. तिसरी, टॉवर 'लार्ज' ठरवले असतील तर परत 'स्मॉल' करा. क्रॉसओव्हर मशीननं सुचवल्यापेक्षा वर न्यायला हरकत नाही, खाली मात्र नेऊ नका: स्पीकर जिथं दम सोडतो त्याच्या खाली ऑडिसी दुरुस्ती करत नाही.

फेज आणि पातळी

फोनवर टोन जनरेटरचं फुकट ॲप मिळतं. फोन एव्हीआरला जोडून ८० हर्ट्झचा सूर स्टिरिओ मोडमध्ये बोलण्याएवढ्या आवाजात लावा. एकानं सोफ्यावर बसायचं, दुसऱ्यानं वूफरचा फेज शून्य ते १८० फिरवायचा. जिथं सूर सगळ्यात मोठा वाटतो तिथं स्पीकर आणि वूफर एकमेकांना साथ देतात, तेच बरोबर. वूफर सोफ्याच्या मागं असेल तर ते बऱ्याचदा १८० च्या बाजूला निघतं. हा सूर मिनिटभराच्या वर चालू ठेवू नका. आणि "किती खाली जातो बघू" म्हणून २० हर्ट्झ जोरात लावणं तर नकोच. पोर्ट असलेल्या वूफरचा कोन त्याच्या ठरलेल्या सुराखाली मोकाट सुटतो आणि कॉइल आपटून बसते.

पातळीसाठी आवाज मोजणारा मीटर असेल तर 'सी' वेटिंग, 'स्लो'. 'ए'वर ठेवलात तर तो बेस मोजतच नाही म्हटलं तरी चालेल. एव्हीआरचा टेस्ट टोन लावून प्रत्येक स्पीकर बसायच्या जागी ७५ डेसिबलला आणा, मग वूफरही. वूफरच्या टोनला काटा दोन-चार डेसिबल डोलतो. मधला आकडा धरा. फोनच्या ॲपवर वूफर मोजू नका, बऱ्याच फोनचे माइक खालचे सूर कापतात, आणि त्यावर भरवसा ठेवला की वूफर हमखास जास्त लागतो. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी यूएसबी मापन-माइक आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावं. कुठला सूर फुगलाय ते आलेखात दिसतं, आणि तो आकडा मघाच्या भागाकाराशी जुळतो तेव्हा मजा येते.

शेवटी कान. काळी १ ला लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर साधारण ६९ हर्ट्झ, म्हणजे बरोबर वूफरच्या हद्दीतला. चांगलं ध्वनिमुद्रण लावा, डोळे मिटा. तानपुरा समोर, गायकाच्या मागं ऐकू आला पाहिजे. खर्ज वेगळा होऊन वूफरच्या दिशेनं येत असेल तर क्रॉसओव्हर जास्त आहे किंवा पातळी चढलीय. बातम्या देणाऱ्या पुरुषाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटला तरी तेच. वूफर बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं, चालू असताना तो आहे हे कळू नये. त्यानंतर सिनेमासाठी दोन-तीन डेसिबल चढवायचे तर चढवा, ज्याची त्याची आवड.

गूं… आवाज येत असेल

सतत येणारा ५० किंवा १०० हर्ट्झचा गुंगाट बहुधा अर्थिंगचा. वूफर चालू ठेवून त्याच्याकडची आरसीए केबल काढा. तरीही गुंगाट असेल तर दोष वूफरच्या आत. थांबला तर केबल परत लावा आणि सेट-टॉप बॉक्सची छपरावरून आलेली कोॲक्सिअल काढून बघा. आता थांबला तर चोर सापडला: छपराची अर्थ एक, घराची एक, आणि दोन्हींमधला प्रवाह तुमच्या वूफरमधून जातोय. केबल टीव्ही असेल तर कोॲक्सिअलवर ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थचा प्रवाह अडवणारा छोटा जोड) लावून काम होतं. डिश असेल तर तो लावू नका. डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच वायरमधून १३ किंवा १८ व्होल्ट जातात, ते अडले की चित्रच जातं. तिथं टीव्हीपासून एव्हीआरपर्यंत आवाज ऑप्टिकल केबलनं न्या आणि त्या दोघांमधली एचडीएमआय काढा. ऑप्टिकल केबलच्या तंतूतून नुसता प्रकाश जातो, अर्थचा प्रवाह जात नाही.

वूफर, एव्हीआर आणि टीव्ही एकाच बोर्डवरून चालवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. तिसरी पिन कापून गुंगाट थांबवणारे 'तज्ज्ञ' गल्लोगल्ली भेटतात. गुंगाट थांबतो, आणि एखाद्या दिवशी वूफरचा धातूचा पत्रा जिवंत होतो. हे कधीच करू नका. उलट जुन्या घरात तिसरं भोक नुसतं शोभेचं असण्याची शक्यता जास्त, म्हणून वायरमनकडून मल्टिमीटरनं तपासून घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. शेवटचा आकडा वीस-तीस आला तर आधी अर्थिंगचा खड्डा, मग वूफर. वीज गेल्यावरच गुंगाट येत असेल तर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर कारण. त्याला प्युअर साइन वेव्हशिवाय औषध नाही.

खडखड, शेजारी, पाऊस

टोन ॲपवर ३० ते १२० हर्ट्झ सावकाश सरकवत न्या आणि खोलीत फिरा. ४५ ला शोकेसची काच, ६० ला फळीवरची पितळी भांडी, ७० ला ट्यूबलाइटची पट्टी, असं एकेक बोलायला लागेल. बोलणाऱ्या वस्तूवर बोट ठेवा. थांबली की तीच. काचेच्या खाचेत फेल्टचा तुकडा, भांड्यांखाली जुन्या सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी, फोटोच्या मागं दोन रबरी तुकडे. कौलं खडखडत असतील तर कौल सरकलंय. पावसाआधी शाकारणीला वर चढाल तेव्हा बघून घ्या.

गल्लीत भिंत सामाईक असेल तर वूफर त्या भिंतीपासून लांब, समोरच्या भिंतीकडं न्या. निवासी भागात नियमानं दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि भिंत ओलांडण्यात खर्जाचा हात कुणी धरत नाही. रात्री एव्हीआरवर वूफर ५-६ डेसिबल उतरवायची सवय लावा. फेज, क्रॉसओव्हरला हात लावायची गरज नाही.

वळवाचा गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. पॉवरचे प्लग आणि छपरावरची कोॲक्सिअल दोन्ही काढा. वीज बऱ्याचदा डिशच्या वायरनं आत येते आणि एचडीएमआयचे सॉकेट घेऊन जाते. खानापूरकडच्या पावसाळ्यात आरसीएच्या पिना काळ्या पडतात आणि चरचर सुरू होते. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग दोनदा फिरवून काढून लावला तरी पुष्कळ. वूफर पाऊसभर पडून ठेवू नका, आठवड्यातून एकदा अर्धा तास वाजवा. आणि पोर्टच्या भोकात एकदा टॉर्च मारून बघा, ओलाव्यात पाली आणि कुंभारमाशी तिथं घर करतात.